नवल मुकादमाची अखाजी

नवल भदाणे आणि मी, आमच्या दोन घरांना मधली भिंत एकच. त्याच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागतो. इतक्या जवळच्या माणसाविषयी लिहिणे सोपे असेल असे वाटले होते, पण तसे नाही. मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, साक्री डेपोला. तिकिटे फाडली, घंटी मारली. असे सलग लिहायची सवय नाही. शाळेतले जगदीश सर म्हणाले, "आबा, तुम्ही सगळं डोळ्यांनी पाहिलंय, तुम्हीच लिहा." पाहिले आहे हे खरे. लिहिता येते की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावे.

आमचे गाव पिंपळनेरजवळ, पांझरेच्या काठाला. पलीकडच्या काठावर दुसरे गाव आहे. दोन्ही गावांना पाणी एकाच जुन्या बंधाऱ्याचे. बंधाऱ्यापासून दोन्हीकडे पाट निघतात आणि दर उन्हाळ्यात ते गाळाने भरतात. गाळ काढायची आमच्याकडे एक पद्धत आहे. सकाळी डफ वाजतो. डफ ऐकला की घरटी एक माणूस फावडे घेऊन बाहेर पडतो. त्याला कोणी बोलवायला जात नाही, कोणी मजुरी देत नाही, आणि एखाद्या घरातून कोणी निघाले नाही तर त्याचा जाबही कोणी विचारत नाही. फक्त पुढचे वर्षभर त्या घराकडे पाहून बायका हसतात.

दुसरी पद्धत अखाजीची. अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, पुरुष पत्ते कुटतात. पण शेतमजुराला हा दिवस वेगळ्या कारणाने मोठा. आमच्याकडे सालदाराचे साल अखाजीला संपते. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस त्या दिवशी मोकळा होऊन आपल्या घरी जेवतो. पुन्हा साल धरायचे की नाही हे तो नंतर ठरवतो.

नवलचा बाप तोताराम सालदार होता. नवल लहान असताना एका वर्षी मालकाच्या विहिरीचा गाळ अर्धा राहिला, म्हणून मालकाने तोतारामला अखाजी उलटून गेल्यावरही थांबवून घेतले. "एवढं उरकून जाशील ना?" इतकेच त्याने विचारले. मारले नाही, शिवी दिली नाही. पण मालकाने म्हटल्यावर तोताराम नाही कसे म्हणणार? तो घरी आला तेव्हा झोके उतरले होते आणि माहेरी आलेली त्याची मोठी लेक वाट पाहून सासरी परत गेली होती. मी तेव्हा तरुण होतो. तोताराम ओट्यावर बसून पोळीचा शिळा तुकडा चावत होता, तो मला अजून दिसतो. नवलने तो माझ्यापेक्षा जवळून पाहिला असणार.

नवल मोठा झाला तो सावद्याकडे, केळीच्या बागांना पाणी नेणाऱ्या पाइपांचे चर खणत. हळूहळू जोड बसवायला शिकला, मग माणसे जमवायला लागला, मुकादम झाला. पाचोऱ्यापासून पिंपळनेरपर्यंत किती गावांच्या नळयोजना त्याच्या टोळीने केल्या, ते त्यालाही सांगता यायचे नाही. पण काम संपले की रस्त्याच्या कडेला जी पत्र्याची पाटी लागते, तिच्यावर नाव ठेकेदाराचे असायचे. नवल ती पाटी स्वतःच्या हाताने रोवून यायचा.

टोळी बांधण्याची त्याची रीत ठरलेली. दिवाळीनंतर प्रत्येक माणसाच्या हातात एक नारळ द्यायचा आणि म्हणायचे, "अखाजीलगून." म्हणजे अखाजीपर्यंत. अखाजीच्या आदल्या दिवशी सगळे मोकळे. त्यानंतर कोणालाही "थांब" म्हणायचे नाही. "थांबतोस का?" असेही विचारायचे नाही. या एका गोष्टीत तो फार कडक होता. इथल्या ठेकेदारांना ते ठाऊक असायचे, त्यांची कामेही तोवर उरकलेली असायची, त्यामुळे कधी अडले नाही.

पन्नाशी जवळ आली तेव्हा नवलने लहान ठेकेदार म्हणून आपल्या नावाची नोंदणी केली. त्याची बायको सुलक्षणा मागे लागली होती म्हणून केली. वर्षभर ते प्रमाणपत्र देवघराशेजारी टांगलेले होते आणि त्यावर हळदीकुंकवाचे बोट उठलेले होते, एवढाच त्याचा उपयोग. मग पिंपळनेरात ऑनलाइन कामे करून देणाऱ्या धर्मेंद्रने एक दिवस त्याला जाहिरात दाखवली. समुद्रकाठचे एक छोटे शहर होते, नाव लिहीत नाही. तिथल्या नगरपरिषदेला टेकडीवरच्या टाकीपासून बंदराच्या वस्तीपर्यंत पिण्याच्या पाण्याची नवी लाइन टाकायची होती, आणि त्याच लाइनवर आग विझवण्यासाठी बंबाला पाणी देणारे खांब उभे करायचे होते. आदल्या वर्षी बंदरावर होड्यांच्या शेडला आग लागली होती आणि बंब पाण्यासाठी गावाला वळसा घालून गेला होता. तेव्हापासून ते शहर ठेकेदार शोधत होते. जाहिरात पुन्हा पुन्हा निघाली. एक ठेकेदार जागा पाहून गेला तो फिरकलाच नाही. दुसऱ्याने चार खड्डे केले आणि फोन उचलणे बंद केले. कारण वस्ती उतारावर, गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांच्या, तिथे जेसीबी शिरत नाही. सगळे हाताने खणायचे, तेही जांभ्या दगडात.

नवलच्या ओट्यावर त्या संध्याकाळी टोळी जमली. झुलाल हा टोळीतला सर्वांत जुना माणूस, आणि त्याच्या जिभेला लगाम नाही.

"समुद्रमा पानीच पानी शे, भो," तो म्हणाला. "मंग तेसले नळ कसाले लागस?"

"खारं शे ते," नवल म्हणाला. "तू पीसन देख, मंग सांग."

"पीसू ना. पन समुद्र ऱ्हास कितला खोल? आपला बंधारासारखा का?"

"तुनी जीभसारखा. तळच नही."

हसणे झाले. आतून सुलक्षणाचा आवाज आला, "मी बी येस. तुमले तठे मच्छी-भात खावा लागीन, मंग रडशात."

असे ते काम नवलने घेतले. नारळ वाटले गेले, "अखाजीलगून" म्हणून झाले, आणि टोळी समुद्राकडे गेली. चूक तिथेच झाली, आणि ती आमच्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती. कागदावर कामाची मुदत मे महिन्याच्या अखेरीपर्यंत होती. नवलने ती वाचली होती. त्या वर्षी अखाजी त्याच्या बऱ्याच आधी येत होती. पण नवलच्या डोक्यात साल म्हणजे अखाजी. त्यानंतर काम असू शकते हा विचार त्याला शिवलाच नाही. आणि तिकडच्या लोकांना अखाजी हा शब्दच माहीत नव्हता. दोन्हीकडून सगळे समजून होते, फक्त वेगवेगळे.

पुढचे मला सुलक्षणाने सांगितले. ती तिथे टोळीचा स्वयंपाक करत होती. जांभा दगड नवलच्या अंदाजापेक्षा चिवट निघाला. वरची लाइन झाली, बंदराकडचा शेवटचा तुकडा राहिला. खांब उभे राहिले, पण त्यांत पाणी नाही. आणि अखाजी दारात आली. टोळीने फावडी धुतली, गाठोडी बांधली. नवलने लोकांच्या दारांसमोरच्या उघड्या चराला लाल-पांढरी फीत बांधली, फळ्या टाकल्या. तेवढ्यात नगरपरिषदेच्या अभियंता शीतल मॅडम आल्या.

"भदाणे, हे काय? तुम्ही पण चाललात?"

"मॅडम, अखाजी आहे."

"ती काय असते?"

नवलला सांगता येईना. सणही म्हणता येईना, सुटीही म्हणता येईना. "आमच्याकडे साल संपतं," तो म्हणाला.

"ठीक आहे. परत कधी येणार?"

"माणसं आली तर येईन."

"आली तर म्हणजे? तुम्ही बोलवाल ना त्यांना?"

नवल वाकून फितीची गाठ घट्ट करू लागला. मॅडम काही वाईट नव्हत्या, सुलक्षणा म्हणाली. आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "भदाणे, आमच्याकडे पाऊस जूनची वाट बघत नाही. महिनाअखेर लाइनचं टेस्टिंग झालं नाही तर हा चर मला बुजवून घ्यावा लागेल. म्हाताऱ्या माणसांच्या दारात उघडा चर पावसाळ्यात ठेवता येणार नाही. उरलेलं काम मग तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल. मला ते लिहायची इच्छा नाही. पण आधीचे दोघंही असेच ‘येतो’ म्हणून गेले. तुम्ही तर ‘येतो’सुद्धा म्हणत नाही."

नवलच्या नावाची पाटी रंगवून तयार होती. ती तिथल्या टाकीखालच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवून तो गावी आला.

अखाजीच्या दिवशी सकाळी त्याने बापाच्या नावाची घागर भरली. आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात. ते करून तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. सुलक्षणा घरी नव्हती. तिचे माहेर पलीकडच्या गावचे, नदी ओलांडली की आले. दर अखाजीला ती माहेरी जाते, एवढी नातवंडे झाली तरी.

मला राहवले नाही. मी म्हटले, "नवल, पोरेसले विचार ना. नही कोन म्हनीन?"

"तेच ते, आबा. नही कोनीच म्हनाव नही," तो म्हणाला. "मी विचारं का तो हुकूमच व्हयी जास. मना बापले बी मालकनी विचारेलच व्हतं."

"पण तू मालक नहीस."

"पाटीवर नाव शे ना आते. मंग मालकच."

मला वेळेवर काही सुचतच नाही. आम्ही दोघे झोक्यांकडे पाहत बसलो. त्याला काम हवे होते, तो मोडला होता, हे दिसत होते. काम हातून गेले असते तर पुढे कोणी त्याला त्याच्या नावाने काम दिले नसते. तो पुन्हा दुसऱ्याच्या पाट्या रोवत फिरला असता. आणि तरी तो तोंड उघडणार नव्हता.

दुपार कलली तशा बायका नदीकडे निघाल्या. आमच्याकडे अखाजीला दोन काठांवरच्या गावांच्या बायका नदीच्या पात्रात समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींच्या गावाला टोमणे मारतात, गाणी रचून शिव्या देतात. कोणी मनावर घेत नाही असे म्हणतात. प्रत्यक्षात वर्षभर घेतात. मे महिन्यात पांझरा कोरडी असते, मधे एखादे डबके तेवढे. आमच्या बाजूने पुढारी झुलालची बायको पुष्पाबाई. तिचा आवाज बंधाऱ्यापर्यंत जातो. पुरुष लांब, काठावर बाभळीखाली बसून ऐकतात आणि आपण ऐकत नाही असे दाखवतात.

पुष्पाबाईने सुरुवात केली. "पलीकडना गडी चहा पेवाले पिंपळनेर जातस, आनी चहा थंडा व्हवालगून घर याद येत नही वं माय!"

आमच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. तिकडच्या घोळक्यात हालचाल झाली आणि एक बाई पुढे आली. पदर कमरेला खोचलेला. सुलक्षणा.

आता, ती आमच्या गावची सून. पण अखाजीला ती माहेरच्या काठावर उभी, म्हणजे त्या दिवसापुरती त्यांची. सासरच्या गावाला काहीही बोलायची तिला मोकळीक. दरवर्षी ती मागे उभी राहून हसायची. पुढे आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तिने हात हलवून सुरू केले:

"नवल ठेकेदार गया समुद्रना दार,
आर्धा नळ भुईमा, आर्धा नळ भायेर,
अखाजीनी पोळी याद उनी, पळना बठ्ठा गाव,
समुद्रले बी माहीत पडनं यासनं नाव!"

पलीकडचा घोळका ओरडून हसला. आमच्याकडे एकदम शांत. नवल माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या हातातली काडी मोडली.

पुष्पाबाई गडबडली, पण हटली नाही. "ओ याहीन!" विहिणीला मारावी तशी तिने हाक मारली, "स्वताना नवराले नाव ठेवस, लाज शे का?"

"नवरा तुमना गावना शे," सुलक्षणा म्हणाली. "मी आज अठली शे. आमना गावमा डफ वाजना का घरमाईन एक गडी फावडं लिसन निंघस. तुमना गावमा घरमाईन एक बाई निंघस, ती बी गाळी देवाले! तुमना गडीसले डफ आयकू येत नही का? कान कोठे इसरी उनात, समुद्रवर?"

पुष्पाबाईला उत्तर आले नाही. आमच्या गावाला उत्तर आले नाही असे माझ्या आठवणीत हे पहिलेच. ती वळली, आणि काठावर बाभळीखाली बसलेल्या झुलालसमोर जाऊन उभी राहिली.

"उठ," ती म्हणाली. "पत्ता कुटस आठे. आयकं ना ती काय बोलनी?"

"आयकं."

"मंग?"

"मंग काय? अखाजी शे, बोलतसच बाया."

"पुढली अखाजीले मी काय बोलू तिले? तू सांग. तुनामुळे मी नदीमा मुकी उभी राहू का?"

झुलालने पत्ते गोळा केले आणि तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे तापायच्या आत, डफ वाजला. मी दात घासत होतो. मनात म्हटले, पाटाचा गाळ काढायला अजून वेळ आहे, आजच कसा काय? नवलही बाहेर आला. त्याने सवयीने कोपऱ्यातले फावडे उचलले. आम्ही दोघे पारापाशी गेलो. तिथे झुलाल डफ बडवत होता, आणि माणसे जमत होती. टोळीतली होतीच. पण टोळीत कधी नसलेलीही होती: एक शिलाई मशीनवाला, एक दूध गोळा करणारा, कॉलेज संपवून घरी बसलेला प्रेमराज. सगळ्यांच्या खांद्यावर फावडी आणि पाठीला पिशव्या. पाटाचा गाळ काढायला पिशव्या कशाला लागतात, हे नवलच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. कोपऱ्यावर दोन क्रूझर गाड्या उभ्या होत्या.

"हाई काय शे, झुलाल?"

"पाट काढाले जाई राहिनूत."

"पाट तिकडे शे," नवलने नदीकडे बोट दाखवले.

"औंदाना पाट समुद्रकडे शे."

नवलचा चेहरा लाल झाला. "मी कोनले बलायेल नही. अखाजी व्हयी गयी. तुमी मोकळा शेतस."

"तू बलाव नही, म्हनीसनच उनूत," झुलाल म्हणाला. "पाटले कोन कोनले बलावस? डफ वाजना, निंघनूत. तुले येवानं व्हयी ते ये. नही ते तू बी घरमा बठ, बाया हासतीन."

नवल फावड्याच्या दांड्याला धरून उभा राहिला. मग तो खाली वाकला आणि पायातल्या चपलेत काही अडकल्यासारखे बराच वेळ चाचपत राहिला. कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. आमच्याकडे अशा वेळी पाहत नाहीत.

सगळ्या घरांतून माणसे निघाली नव्हती, हेही लिहायला हवे. काही दारे बंदच राहिली, काहींनी कांद्याच्या चाळीचे कारण सांगितले. कोणी काही बोलले नाही. मी मात्र अडचणीत आलो. माझा मुलगा सुरतेला. घरात माणूस एक, तो मी. फावडे धरायची ताकद नाही. मी घरात गेलो आणि ट्रंकेतली डेपोची जुनी शिट्टी काढली. क्रूझरमध्ये चढताना झुलाल म्हणाला, "आबा, तुमी कसाले?"

"घरमाईन एक," मी म्हणालो.

"तिकीट फाडशात का समुद्रनं?"

"तुनं पह्यले फाडसू," मी म्हणालो. जन्मात एवढे वेळेवरचे उत्तर मला दुसरे सुचल्याचे आठवत नाही.

सुलक्षणा नदी ओलांडून आमच्या आधीच गाडीत येऊन बसली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचे गाठोडे मांडीवर घेऊन. नवलने तिच्याकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती.

तिथे पोहोचलो तेव्हा शीतल मॅडम त्या उघड्या चराजवळच उभ्या होत्या. बरोबर एक माणूस मोजपट्टी घेऊन होता. चर बुजवायला किती माती लागेल ते मोजत असावा. दोन गाड्यांतून उतरणारी माणसे त्या एकेक करून मोजू लागल्या.

"भदाणे, गेले होते त्याच्यापेक्षा जास्त आलेत," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"बोलावलंत?"

"नाही," नवल म्हणाला. आणि आता मात्र त्याने सांगितले. पाट, डफ, अखाजी, साल, सगळे. मॅडमना किती समजले कोण जाणे. त्यांनी त्या मोजपट्टीवाल्याला परत पाठवले, एवढे मी पाहिले.

मला गल्लीच्या तोंडाशी उभे केले. मोटारसायकली वळवायच्या, शाळेची मुले फळीवरून एकेक करून सोडायची, म्हाताऱ्या बायांचा हात धरायचा. शिट्टी वाजवली की मासळीवाल्या बाया हसायच्या. "ओ मास्तर, आमची टोपली पण थांबवताय काय?" म्हणायच्या. मला कोणी मास्तर म्हणालेले तेवढेच. समोरच्या घरातून रोज दुपारी कोकमाचे सरबत येई. शिलाई मशीनवाल्याच्या तळहाताला फोड आले, तो फडके बांधून खणत राहिला. पहिल्याच संध्याकाळी झुलाल बंदरावर गेला, ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकत परत आला. "खरंच खारं शे रे, भो," तो सगळ्यांना सांगत सुटला. "नळ लागीनच यासले."

नवल शेवटचा तुकडा जोडत गेला. आकाश रोज दुपारी भरून यायचे आणि तो मान वर न करता भरभर हात चालवायचा. चाचणीच्या दिवशी वरच्या टाकीतून पाणी सोडले, दाब वाढवला, आणि पायऱ्यांच्या वळणावर पाणी फुटले. एक जोड गळत होता. अखाजीच्या आदल्या दिवशी, माणसांना मोकळे करायच्या घाईत नवलने स्वतः बसवलेला. त्याने तसे मॅडमना सांगितले. दुसरे कोणाचे नाव घेतले नाही, घेण्यासारखे नव्हतेही. जोड उकलला, पुसला, नवी रबरी चकती घालून पुन्हा बसवला. सगळी माणसे पायऱ्यांवर बसून पाहत होती. कोणी विडी पेटवली नाही.

दुसऱ्यांदा दाब दिला. मॅडम दाबमापकाच्या काट्याकडे पाहत उभ्या राहिल्या. काटा खाली आला नाही.

मग बंदरावर नगरपरिषदेचा बंब आला. अग्निशमनच्या दोघांनी खांबाला नळी जोडली, चाक फिरवले, आणि पाणी उसळून होड्यांवरून पलीकडे गेले. पोरे त्याच्याखाली नाचली. एका म्हाताऱ्याने, त्याची होडी त्या आगीत गेली होती असे मला नंतर कळले, पुढे होऊन खांबाला हात लावून पाहिला, जणू गरम आहे की काय. वस्तीतल्या एका घराने नळ उघडला आणि आतून कोणी तरी ओरडले, "आलं, आलं!"

पाटी नवलने रोवली नाही. झुलाल आणि प्रेमराजने रोवली. ‘ठेकेदार : नवल तोताराम भदाणे’. नवल लांब उभा राहून ती वाकडी बसली आहे असे म्हणत राहिला. ती वाकडी नव्हती.

मजुरी नको असे सगळे म्हणाले होते. नवलने नंतर घरोघर जाऊन दिलीच. माझ्याकडेही आला. मी घेतली नाही, म्हणून सुलक्षणा भिंतीपलीकडून अजून मला मांडे पाठवते.

परत येताना गाडीत नवलने तिला विचारले. मी पुढच्या बाकावर होतो, ऐकू आले.

"तू माले घरमा का नही सांगं? नदीमा उभी राहीसन बठ्ठा गावमा बोलनी."

"घरमा तुमी आयकतस का?" ती म्हणाली. "घरमा मी बोलनी असती ते तुमी म्हनतात, कोनले विचारू नको. नदीपलीकडे मी त्या गावनी आंडेर, लेक शे. माले कोन रोकस?"

नवलने खिडकीची काच खाली केली. मग तो म्हणाला, "गानं चांगलं व्हतं."

यंदा माघात शीतल मॅडमचा फोन आला. नवलने तो ओट्यावर बसून घेतला, आवाज मोठा ठेवून, कारण त्याला एका कानाने कमी ऐकू येते. खाडीच्या पलीकडच्या वस्तीला तशीच लाइन टाकायची होती आणि तिथेही बंबासाठी खांब हवे होते. जाहिरात निघायची होती. "तुम्ही निविदा भरा, बाकीच्यांसारखीच," मॅडम म्हणाल्या. "काम कोणाला मिळेल ते नियमानं ठरेल. पण मुदतीची तारीख टाकायच्या आधी एक विचारायचं होतं. या वर्षी अखाजी कधी आहे?"

नवल गोंधळला. त्याने घरात पाहून हाक मारली. सुलक्षणा पिठाचे हात पुसत बाहेर आली, तिने दारामागचे कॅलेंडर उलटले आणि तारीख सांगितली. नवलने ती फोनवर सांगितली.

"आणखी सांगा तिले," सुलक्षणा म्हणाली, मॅडमना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "औंदा बी मी पलीकडेच उभी राहसू."

"हे काय म्हणतायत त्या?" फोनमधून आवाज आला.

नवल हसला. "काही नाही, मॅडम," तो म्हणाला. "काम वेळेवर होईल, म्हणतेय."